रिमोटवरचा कुत्रा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुत्र्यांचा विषय निघाला की दोन तट पडतात आणि समजूत घालायला गेलेला तिसरा माणूस दोन्हीकडून बोलणी खातो. या खेपेला निमित्त झालं समोरच्या काकांच्या सिंबाचं. सिंबा जर्मन शेफर्ड, भर ज्वानीतला, अंगात नुसती रग. लिफ्टचं दार उघडलं की आत कोण आहे हे न बघताच तोफ डागायची त्याची सवय. भुंकणं हे कुत्र्यावर बंदी घालायचं कारण होऊ शकत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये आहे म्हणे कुणीतरी ग्रुपवर टाकलं. बरोबरच आहे ते. पण सूचना वाचून कुणाच्या छातीतली धडधड थांबत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दचकून पडता पडता वाचल्या आणि काकांनी ट्रेनर लावला.

ट्रेनरनं काही दिवस सिंबाला पार्किंगमध्ये गोल गोल फिरवलं. मग एका संध्याकाळी काकांनी मला हाक मारली, "अगं, जरा येऊन बघ. तुझ्याकडे कुत्रा आहे, तुला कळतं यातलं." टीपॉयवर एक काळा डबा उघडून ठेवलेला. आत प्लॅस्टिकचा पट्टा, पट्ट्यावर काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आणि डबीच्या आतल्या बाजूनं, म्हणजे कुत्र्याच्या गळ्याकडे, पुढं आलेली स्टीलची दोन बोथट टोकं. सोबत रिमोट. त्यावर शून्य ते शंभर आकडा दाखवणारी छोटी स्क्रीन आणि तीन बटणं: एक आवाजाचं, एक थरथरीचं आणि तिसरं, विजेची खूण असलेलं, झटक्याचं. करंट येतोय की नाही हे तपासायला बारकासा दिवासुद्धा दिला होता. खोक्यावर लिहिलं होतं, वॉटरप्रूफ, रिचार्जेबल, रेंज एक किलोमीटर. काकांचा फ्लॅट टू बीएचके.

"काही होत नाही मॅडम," ट्रेनर म्हणाला, "मुंगी चावल्यासारखं लागतं. कुत्रा एकदम लाइनीवर येतो."

मुंगी म्हटल्यावर मी हात पुढे केला. ती दोन टोकं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली आणि रिमोट स्वतःच्याच हातात घेतला. सुरुवातीला काहीच कळलं नाही. आकडा वाढवत गेले तशी आधी नुसती गुदगुली, मग टिचकी मारल्यासारखं, आणि आणखी वर गेल्यावर बोटं आपोआप वळली. दुखलं असं म्हणवत नाही; पण हात माझा राहिला नव्हता, क्षणभर. तरी सहन होत होतं. मग काका गमतीनं म्हणाले, "आण इकडे," आणि मी ट्रेनरशी काहीतरी बोलत असताना त्यांनी मला न सांगता बटण दाबलं. आकडा तोच होता. मी ओरडले. पट्टा हातातून सुटून टीपॉयवर आपटला आणि सिंबा कोपऱ्यात उठून उभा राहिला.

आकडा तोच, हात तोच. आधीच्या वेळी फक्त अंगठा माझा होता.

तेव्हापासून या पट्ट्याविषयी जमेल तेवढं वाचत आले, आणि फिरून फिरून त्या अंगठ्यापाशीच येते. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, चौदा बीगल कुत्र्यांवरचा. शिकार म्हणून दोरीनं ओढला जाणारा खोटा ससा. एका गटातल्या कुत्र्यांना त्या सशाला तोंड लावलं की त्याच क्षणी झटका. दुसऱ्या गटाला हाक मारल्यावर मागे फिरले नाहीत तर झटका. तिसऱ्याला केव्हाही, कसलाही संबंध नसताना. मग लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, म्हणजे ताणाबरोबर वाढणारं संप्रेरक. तिसऱ्या गटात ते सगळ्यात जास्त चढलं, दुसऱ्यातही चांगलंच चढलं. पहिल्या गटात मात्र म्हणण्यासारखी वाढ झालीच नाही. पट्टा सगळ्यांना तोच. पण पहिल्या गटातल्या कुत्र्यांना कळलं होतं की ससा धरला की हे होतं, नाही धरला तर नाही होत. म्हणजे बटण त्यांच्याच ताब्यात होतं म्हणा ना.

याची दुसरी, काळी बाजू त्याच्याही चाळीस वर्षं आधीची. १९६७ च्या सुमाराला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना जखडून असे झटके दिले, की काहीही केलं तरी ते थांबणार नाहीत. नंतर त्याच कुत्र्यांना अशा पेटीत ठेवलं जिथं मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका होती. बऱ्याच जणांनी उडी मारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. झटके खात पडून राहिली. माणसाच्या नैराश्याबद्दल बोलताना हा प्रयोग आजही सांगतात. मला मात्र तो वाचल्यावर ट्रेनर लोकांच्या जाहिरातीतले 'आधी आणि नंतर'चे व्हिडिओ आठवतात. नंतरच्या व्हिडिओत कुत्रा सतरंजीवर शांत पडलेला असतो. शांत की गप्प, हे व्हिडिओत दिसत नाही.

ट्रेनर लोकांची बाजूही सांगायला हवी, कारण सगळेच काही खाटीक नसतात. हा पट्टा आला अमेरिकेत, १९६० च्या दशकात, शिकारी कुत्र्यांसाठी. शेता-माळावर अर्ध्या मैलावर हरणामागे सुटलेल्या कुत्र्यापर्यंत ना मालकाची हाक पोचायची ना दोरी. त्या अंतरावर पोचणारी एक चापट म्हणून हे यंत्र निघालं. सुरुवातीच्या पट्ट्यांत झटका कमी-जास्त करायची फारशी सोयही नव्हती. आजचे चांगले पट्टे खूपच बारीक काम करतात, आणि चांगला ट्रेनर ते शिक्षेसाठी वापरतही नाही. तो आधी आकडा शून्यापासून वर नेत कुत्र्याचा कान कुठे हलतो ते बघतो. तेवढीच टोचणी चालू ठेवतो, दोरीनं कुत्र्याला आपल्याकडे वळवतो, आणि वळला की टोचणी बंद. थोड्या वेळात कुत्र्याला उमगतं की मालकाकडे गेलं की हे थांबतं. शिकतात कुत्री, आणि पटकन शिकतात.

पण हेच कुत्रं शांत उभं असताना ज्या आकड्याला कान हलवतं, तोच आकडा मांजर दिसल्यावर त्याच्या खिजगणतीतही नसतो. मग आकडा वाढतो. तो किती वाढवायचा, कधी दाबायचं, कधी सोडायचं, कुत्रा आत्ता कशाकडे बघतोय, हे सगळं अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. ज्या माणसाला कुत्र्याच्या कानावरून, मानेवरून, शेपटीच्या बुडख्यावरून हे वाचता येतं, त्याला माझ्या मते बहुतेक वेळा पट्टा लागतच नाही. मांजर दिसायच्या आधीच तो कुत्र्याला वळवून मोकळा होतो. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याच्याच हातात ऑनलाइन दोन-तीन हजारांत हा रिमोट येऊन पडतो. त्यात तो दिवसभर ऑफिसात बोलणी खाऊन आलेला, खालून वॉचमननं तक्रार सांगितलेली. दोरी हिसडली तर निदान आपला खांदा दुखतो, ओरडलं तर चार लोक बघतात. रिमोटला काहीच लागत नाही. खिशात हात घालून, चेहरा न हलवता, राग काढता येतो. मला या यंत्राची भीती वाटते ती त्यातल्या विजेमुळे कमी आणि या सोयीमुळे जास्त.

(बारीकसारीक अडचणी तर वेगळ्याच. टोकं कातडीला टेकली नाहीत तर झटका लागत नाही म्हणून पट्टा आवळून बांधतात. जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला तर फारच. तो तसाच दिवसभर राहिला की गळ्याला चट्टे पडतात, पुढे जखमा. बनवणारे स्वतःच पत्रकात लिहितात की दर काही तासांनी पट्टा सरकवा, रात्रभर ठेवू नका. पत्रक वाचतंय कोण.)

सिंबाला पट्टा लागला. लिफ्टपाशी उभं राहायचं, दार उघडलं आणि हा भुंकला की दाबायचं. आठवड्याभरात भुंकणं जवळजवळ बंद. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला, आजींनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी पण म्हटलं, चला, मिटलं.

आमच्याकडे कचरा न्यायला ज्या मावशी येतात त्यांना सिंबा पिल्लू असल्यापासून ओळखायचा. मावशी आल्या की भुंकायचा तोही शेपटी झेंड्यासारखी उभी करून, अंगावर उड्या मारून, लाडात. त्यांची येण्याची वेळ आणि काकांची त्याला खाली नेण्याची वेळ एकच. म्हणजे लिफ्टचं दार उघडलं की समोर बहुतेक वेळा मावशी आणि त्यांची निळी बादली. पुढे एकदा मी जिन्यानं वर येत होते, मावशी माझ्यापुढे दोन पायऱ्या. काकांचं दार उघडं होतं, सिंबा उंबऱ्यात. पट्टा गळ्यात नव्हता. बादली दिसली तसा तो मागे सरला, अंग आक्रसून घेतलं, कान मागे चिकटले आणि वरचा ओठ नुसता थरथरला. भुंकला नाही. घशातून अगदी खालच्या सुरात घुर्र झालं, इतकं हळू की मावशींना ते कळलंही नाही. त्या नेहमीसारख्या "काय रे राजा" करत पुढे हात करायला निघाल्या. मी त्यांचा पदर धरून मागे ओढलं.

भुंकणं हा कुत्र्याचा निरोप असतो. आम्ही निरोप बंद केला आणि मजकूर बदलून घेतला.

नेदरलँड्समध्ये २००४ साली मॅथाइस शिल्डर आणि योआन व्हॅन डर बोर्ख यांनी नेमकं हेच पाहिलं होतं, तेही राखणदारीच्या कामाला तयार केलेल्या जर्मन शेफर्डांमध्ये, म्हणजे मेणाच्या बाहुल्या नव्हेत. पूर्वी झटके खाल्लेली कुत्री प्रशिक्षणाच्या मैदानावरच नाही, तर मालकाबरोबर साध्या बागेत फिरतानाही जास्त बावरलेली दिसली. काही तर नुसता हुकूम ऐकला तरी आखडायची. त्यांच्या हिशेबात झटका चुकीशी जोडला गेला नव्हता, मालकाशी जोडला गेला होता. सिंबानं तो बादलीशी जोडला. कुत्र्याच्या डोक्यात आपण काय लिहितो यावर आपला ताबा नसतो. आपण फक्त पेन दाबतो.

काकांनी पट्टा काढला हे त्यांचं मोठेपण, कारण पैसे गेले होते आणि ग्रुपवर शाबासकी घेऊन झाली होती. मग लिफ्ट सोडून जिना. नंतर लिफ्टपासून लांब, दार उघडताना दिसेल पण अंगावर येणार नाही इतक्या अंतरावर उभं राहणं, आणि दार उघडलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. दार बंद, चिकन बंद. मावशीही यात सामील झाल्या, बादली खाली ठेवून. हे फार कंटाळवाणं काम आहे. यात व्हिडिओ काढण्यासारखं काही घडत नाही. अजूनही कुरिअरवाला दिसला की तो दोनदा तरी भुंकतोच, आणि मला ते ऐकून बरं वाटतं.

आता कुणी म्हणेल, एका सिंबावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. म्हणून मोठे अभ्यास बघावेत. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठानं २०१४ मध्ये त्रेसष्ट पाळीव कुत्र्यांवरचा अभ्यास छापला; हाकेला न येणारी, मेंढ्यांमागे लागणारी अशी कुत्री. एकवीस जणांना पट्ट्यात मुरलेल्या ट्रेनरांनी पट्ट्यानं शिकवलं, एकवीस जणांना त्याच ट्रेनरांनी पट्ट्याशिवाय, आणि उरलेल्यांना बक्षिसावर भर देणाऱ्या ट्रेनरांनी. तिन्ही गटांतल्या बहुतेक मालकांना सुधारणा दिसली. पट्ट्यानं जास्त काही साधलं असं निघालं नाही, उलट त्या गटात ताणाच्या खुणा जास्त. इथं पट्टावाल्यांची बाजू पडते असं वाटतं ना वाटतं तोच २०२४ साली अमेरिकेतून, क्लाइव्ह विन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं केलेला प्रयोग येतो. एकोणीस कुत्री, वेगानं पळणारं खोटं सावज. पट्टा घातलेल्या कुत्र्यांनी पाठलाग लवकरच सोडला. खाऊवर शिकवलेल्यांपैकी एकानंही सोडला नाही. झटक्याच्या वेळी कुत्री किंचाळली, ताणाचं संप्रेरक मात्र वाढलेलं सापडलं नाही. खाऊवाल्या गटाला वेळ फारच तुटपुंजा मिळाला हा आक्षेप मला पटतो. तरी पाठलाग थांबवायला पट्टा उपयोगी पडत नाही असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग आधी वाचावा. उपयोगी पडतो. तेवढ्यानं माझा प्रश्न सुटत नाही.

कायद्यांनी हा प्रश्न आपापल्या परीनं सोडवलाय. जर्मनीच्या लाइपझिगमधल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २००६ मध्ये हे पट्टे बेकायदा ठरवले, आणि त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो: तुम्ही पट्टा कितीवर लावता ते महत्त्वाचं नाही, यंत्र मुळात किती वेदना देऊ शकतं ते बघायचं. 'आम्ही फक्त दहावरच ठेवतो हो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर आहे, कारण दहाच्या पुढे अजून नव्वद आकडे शिल्लक असतात आणि माणूस चिडका असतो. वेल्सनं २०१० मध्ये बंदी घातली. शेजारच्या इंग्लंडनं २०१८ मध्ये घोषणा केली, २०२४ च्या फेब्रुवारीपासून नियम लागू होणार असंही ठरलं, आणि तो संसदेच्या खालच्या सभागृहात मतदानाला न येता तसाच लोंबकळला. आपल्याकडे या पट्ट्याचं नाव घेऊन बंदी नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये असा १९६० चा कायदा आहे, आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. सिंबाच्या एका वेळच्या चिकनला यापेक्षा जास्त पडतात.

एवढं सगळं म्हणूनही एक जागा अशी आहे जिथं मी या पट्ट्याला नाही म्हणू शकत नाही, आणि ती आपल्यापासून पार लांब आहे. न्यूझीलंडमध्ये उत्तरेला वैतांगीचं जंगल आहे. तिथं कीवी पक्ष्यांची वस्ती. न उडणारा, रात्री फिरणारा, कोंबडीएवढा जीव. उडायचंच नसल्यामुळे छातीचं हाड आणि स्नायू नावापुरते, त्यामुळे कुत्र्यानं नुसतं तोंडात धरलं तरी छाती चिरडते. शिवाय अंगाला असा वास की कुत्र्याला तो चुकत नाही. १९८७ साली तिथं कीवींवर काम करणाऱ्या मिखाएल टाबोर्स्की या संशोधकाला ट्रान्समीटर लावलेले पक्षी एकामागून एक मेलेले सापडू लागले. असे तेरा गेले. शोधता शोधता कळलं की हे सगळं एकट्या जर्मन शेफर्ड कुत्रीचं काम. अंदाज असा निघाला, की त्या जंगलातल्या सुमारे नऊशे कीवींपैकी पाचशे तिनं काही आठवड्यांत मारले. तिला गोळी घातली तेव्हा कुठं ते थांबलं. खाण्यासाठी मारत नव्हती ती. सिंबा जसा लिफ्टच्या दारावर धावतो, तशीच हौस.

आता कीवींच्या भागात शिकारीला किंवा शेतावर कुत्रा न्यायचा तर त्याला कीवी टाळायचं शिक्षण देतात, आणि ते याच पट्ट्यानं. मेलेला कीवी, नाहीतर त्याची पिसं, वासाचं काहीतरी वाटेवर ठेवतात. कुत्रा हुंगायला गेला की झटका. पुन्हा त्याच वाटेनं नेतात. शहाणा कुत्रा लांबून वळसा घालतो. अंगठा मालकाचा नसतो, सरकारी संवर्धन खात्यानं मान्यता दिलेल्या माणसाचा असतो. त्याचं या कुत्र्याशी कसलं भांडण नसतं, तो ऑफिसातून चिडून आलेला नसतो. झटका एकाच वासाला, तोंड पुढे गेलेल्या त्याच क्षणी, आणि नंतर पट्टा काढून परत डब्यात. हॅनोव्हरच्या पहिल्या गटासारखं हे आहे, कुत्र्याला कळतं की कशामुळे. दुसऱ्या पारड्यात पाचशे पक्षी. त्या कुत्र्यालाही गोळीपेक्षा झटका परवडला. इथं मी हरकत घेत नाही, जीव थोडा आखडतो तेवढंच.

मात्र तिथले लोकही एवढ्यावर विसंबत नाहीत. शिकवलेलं कुत्रा विसरतो हे धरून ठरावीक काळानं पुन्हा चाचणी घेतात, आणि शिकलेल्या कुत्र्याच्या मालकालाही बजावून सांगतात की हे शिक्षण म्हणजे खात्री नव्हे; कीवीच्या रानात कुत्रा मोकळा सोडू नका, दोरीनं बांधूनच न्या.